पाण्यातले भाऊबंद

ऊद हा शब्द ऐकला की आपल्याला आधी वास आठवतो. निखाऱ्यावर पडणारा, दर्ग्यात गुरुवारी संध्याकाळी दरवळणारा, बाळंतिणीच्या खोलीत धुरीला वापरला जाणारा ऊद. हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला. त्याचा तिकडचा मूळ अर्थ लाकूड. पण मराठीत आणखी एक ऊद आहे. जुन्या कोशांत तो सापडतो आणि खाडीकाठच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात अजून कधीमधी ऐकू येतो. हा ऊद म्हणजे पाणमांजर. तो संस्कृतातल्या 'उद्र' या शब्दापासून आला. उद्र म्हणजे पाण्यातला. उदक आणि उद्र एकाच घरातले.

गंमत अशी की हे घर फार मोठं आहे. पारशी बांधवांच्या प्राचीन अवेस्ता भाषेतही या प्राण्याचं नाव उद्रच आहे. ग्रीकांचा हायड्रा आणि इंग्रजांचा ऑटर हेही याच कुळातले शब्द. म्हणजे माणसं एकमेकांपासून दूर गेली, त्यांच्या भाषा वेगळ्या झाल्या, पण नदीत बुडी मारणाऱ्या या लवचीक, मिशाळ प्राण्याचं नाव प्रत्येकाने आपल्या गाठोड्यात बांधून नेलं. इतकी जुनी ही ओळख. आज मला या ओळखीचा थोडासा इतिहास सांगायचा आहे. त्यात माझाही एक लहानसा, फारसा अभिमानाचा नसलेला वाटा आहे. तो शेवटी सांगतो.

आधी या प्राण्याची नीट ओळख करून घेऊ. जगात ऊदाच्या तेरा-चौदा जाती मानल्या जातात. त्यातल्या तीन भारतात आहेत. पहिला, गुळगुळीत कातडीचा ऊद. अंगावर आखूड, चकचकीत केस, चपटी शेपटी, वजन सात ते अकरा किलो. कोकण-गोव्याच्या खाड्यांत, मोठ्या नद्यांत आणि तलावांत दिसतो तो बहुधा हाच. हा कुटुंबवत्सल. नर-मादी, यंदाची पिल्लं, गेल्या वर्षीची थोरली भावंडं असा सगळा गोतावळा एकत्र राहतो. मासे पकडतानाही ही मंडळी कधी कधी पाण्यात ओळ धरतात आणि मासे पुढे रेटत नेतात. आपल्याकडे रापण ओढताना माणसं जशी एकमेकांकडे लक्ष ठेवून सरकतात, तसंच काहीसं. एकमेकांना बोलावण्यासाठी त्यांची शीळ असते, आणि ती पाण्यावरून दूरवर जाते.

दुसरा, युरोप-आशियाभर पसरलेला ऊद. हिमालयातल्या नद्या, ईशान्य भारत आणि दक्षिणेचे डोंगर हा त्याचा इथला मुलूख. हा एकांतप्रिय, बहुधा रात्रीचा. मध्य भारतात तो आहे की नाही याची खात्री अनेक वर्षं नव्हती. २०१६ मध्ये मध्य प्रदेशात लावलेल्या आपोआप छायाचित्र घेणाऱ्या कॅमेऱ्यांत तो सापडला, तेव्हा अभ्यासकांनाही आश्चर्य वाटलं.

तिसरा, लहान नख्यांचा ऊद. जगातल्या सगळ्या ऊदांत हा सर्वांत लहान, पाच किलोंच्या आतला. सह्याद्रीतले डोंगरी ओढे ही त्याची जागा. याचं मुख्य अन्न खेकडे. नख्या अगदी बारीक, बोटं मात्र मोकळी आणि हुशार. दगडाखाली, चिखलात, कपारीत हात घालून चाचपत तो खेकडा शोधतो. ओढ्यात कुर्ल्या पकडणारी पोरं तुम्ही पाहिली असतील, तर या ऊदाची पद्धत वेगळी सांगायला नको.

तिघांच्याही काही सवयी सारख्या. काठावरच्या ठरलेल्या जागी विष्ठा टाकायची. तिच्यात माशांचे खवले आणि खेकड्यांची कवचं चमकतात. ही त्यांची पाटी असते. इथे कोण राहतं, कोण येऊन गेलं, हे वासावरून दुसऱ्याला कळतं. घर काठाच्या बिळात, झाडांच्या मुळांखाली किंवा खडकांच्या फटीत. अंगावर केसांचे दोन थर. वरचे केस राठ, खालची लव इतकी दाट की पाणी कातडीपर्यंत पोहोचत नाही. या दाट लवेनेच त्यांना थंड पाण्यात जगवलं आणि, पुढे आपण पाहणार आहोत, याच लवेने त्यांचा घात केला.

आता इतिहासाकडे वळू. पारशी धर्मग्रंथांतल्या वेंदिदादमध्ये ऊदाला पाण्यातला कुत्रा मानलं आहे. त्याला मारणं हे मोठं पाप. दहा हजार फटके आणि त्याच्या जोडीला प्रायश्चित्तांची लांबच लांब यादी तिथे दिली आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ज्या भूमीत ऊद मारला जातो तिथे दुष्काळ येतो, कुरणं सुकतात, असं तो ग्रंथ सांगतो. आजचा वाचक दहा हजार फटक्यांवर हसेल. पण ऊद आणि पाणी यांचं भवितव्य एकच आहे, ही जाणीव त्या शिक्षेमागे होती हे विसरता येत नाही.

आपल्याकडे बौद्ध जातककथांत ऊद दोनदा ठळकपणे भेटतो. सशाच्या प्रसिद्ध कथेत ससा, माकड, कोल्हा आणि ऊद असे चार मित्र आहेत. ऊदाला नदीकाठच्या वाळूत कोणा कोळ्याने पुरून ठेवलेले सात तांबडे मासे सापडतात. हे कोणाचे, असं तो तीनदा ओरडून विचारतो. कोणी उत्तर देत नाही, तेव्हा तो ते घेऊन जातो. चोरीचा आळ येणाऱ्या प्राण्याला कथाकाराने निदान तीनदा विचारण्याची सभ्यता दिली आहे. दुसऱ्या कथेत दोन ऊद मिळून मोठा रोहू मासा पकडतात आणि वाटणीवरून भांडतात. न्याय द्यायला कोल्हा येतो. एकाला डोकं, दुसऱ्याला शेपूट आणि मधला भाग न्यायाधीशाची फी. भारहूतच्या दोन हजार वर्षांहून जुन्या स्तूपावर एक शिल्प आहे, त्याखाली ब्राह्मी अक्षरांत 'उद जातक' असं कोरलेलं आहे. आपल्या ऊदाचं नाव इतक्या जुन्या दगडावर आहे, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा ओळखीच्या माणसाचं नाव जुन्या शिलालेखात सापडावं तसा आनंद झाला होता.

कथा सोडून व्यवहारात या. बंगालच्या नद्यांवर माणसाने ऊदाला चक्क धंद्यात भागीदार करून घेतलं. कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर १८२४ मध्ये होडीतून प्रवास करत असताना त्यांना काठावर नऊ-दहा मोठे देखणे ऊद बांबूंना बांधलेले दिसले. गळ्यात गवताचे पट्टे, लांब दोऱ्या. कोणी पाण्यात पोहत होते, कोणी उन्हात लोळत होते. हे पाळलेले ऊद कोळ्यांना मासे पकडायला मदत करतात, असं त्यांना सांगण्यात आलं. हीच पद्धत आजच्या बांगलादेशात नडाईल भागात, चित्रा नदीच्या परिसरात, आपल्या काळापर्यंत टिकली. रात्री होडी निघते. होडीच्या कडेला जाळं उघडतात. लांब बांबूंना बांधलेले ऊद पाण्यात उतरतात आणि झाडांच्या मुळांतले, पाणवनस्पतींतले मासे हुसकून जाळ्याकडे लोटतात. मोठे ऊद बांधलेले, त्यांची पिल्लं मात्र मोकळी. ती आईबापांच्या आसपास पोहत धंदा शिकतात. पिल्लं पळून जात नाहीत, कारण घर होडीवरच आहे. अलीकडे नद्यांत मासेच उरले नाहीत, म्हणून ही कुटुंबं एकेक करून धंदा सोडत आहेत. माणूसही सोडतो आणि ऊदही सुटतो.

हा झाला सोबतीचा इतिहास. आता कातड्याचा सांगतो. त्यासाठी फार दूर, उत्तर प्रशांत महासागरात जावं लागेल, पण वाट आपल्या मुंबईवरून आहे.

तिथे समुद्री ऊद राहतो. ऊदांमधला हा सर्वांत वजनदार, तीस-चाळीस किलोंपर्यंत भरतो. थंड समुद्रात राहूनही देवमाशासारखा चरबीचा थर त्याला नाही. सगळी भिस्त लवेवर. प्राणिसृष्टीत सर्वांत दाट लव याचीच. हा पाठीवर तरंगतो, छातीवर दगड ठेवून त्यावर शिंपले फोडतो, झोपताना समुद्री शेवाळाच्या लांब पट्ट्या अंगाभोवती गुंडाळून घेतो, म्हणजे लाटेने वाहून जायला नको. आई पिल्लाला पोटावर घेऊन तरंगते.

१७४१ मध्ये रशियाच्या सेवेतल्या व्हिटस बेरिंग या दर्यावर्दीचं जहाज एका निर्जन बेटावर फुटलं. बेरिंग तिथेच वारला. उरलेल्या खलाशांनी समुद्री ऊद खाऊन हिवाळा काढला. त्यांच्यात जॉर्ज स्टेलर नावाचा निसर्ग-अभ्यासक होता. त्याने या प्राण्याचं, विशेषतः आयांच्या पिल्लांवरील मायेचं, बारकाईने वर्णन करून ठेवलं. पण पुढच्या वर्षी खलाशी परतले तेव्हा लोकांचे डोळे स्टेलरच्या कागदांकडे गेले नाहीत. ते गेले सोबत आणलेल्या शेकडो कातड्यांकडे. चीनमधले श्रीमंत त्या कातड्याला सोन्याचा भाव देत होते. रशियन शिकारी बेटामागून बेट रिकामं करत निघाले. अल्यूट लोकांना, त्यांच्या बायकामुलांना ओलीस धरून, शिकारीला जुंपलं गेलं. ऊदाचा इतिहास हा असा माणसांच्या गुलामीचाही इतिहास आहे.

१७७८ मध्ये कॅप्टन कुकची जहाजं अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, नूट्का खाडीत थांबली. खलाशांनी तिथल्या लोकांकडून किरकोळ वस्तूंच्या बदल्यात कातडी घेतली. कुक पुढे हवाई बेटावर मारला गेला, पण त्याची माणसं चीनच्या किनाऱ्याला लागली तेव्हा उत्तम कातड्याला शंभराहून अधिक स्पॅनिश डॉलर मिळाले. या सफरीचा वृत्तांत १७८४ मध्ये छापला गेला आणि व्यापारी जगाची झोप उडाली.

ती उडाली मुंबईतही. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला जेम्स स्ट्रेंज आणि मुंबईचा व्यापारी डेव्हिड स्कॉट यांनी मिळून दोन जहाजं सज्ज केली. एकाचं नाव 'कॅप्टन कुक', दुसऱ्याचं 'एक्स्पेरिमेंट'. डिसेंबर १७८५ मध्ये ती मुंबईहून निघाली आणि १७८६ च्या जूनमध्ये नूट्काला पोहोचली. सहाशेच्या आसपास कातडी हाती लागली. चीनमध्ये ती विकली, पण खर्च भरून निघाला नाही. पुढच्या मोसमासाठी कातडी गोळा करायला आणि स्थानिकांची भाषा शिकायला म्हणून जॉन मॅके नावाच्या माणसाला तिथेच ठेवलं होतं. त्याला न्यायला स्ट्रेंजची जहाजं परत आलीच नाहीत. वर्षभराने दुसऱ्याच एका जहाजाने त्याला उचललं.

मुंबई बंदराच्या इतिहासात आपण कापूस वाचतो, अफू वाचतो. या बंदरातून कोणी अर्धी पृथ्वी ओलांडून ऊदाच्या कातड्यासाठी गेलं होतं, हे पान कोणी उघडत नाही. जहाज तोट्यात गेलं म्हणून असेल. तोट्याच्या गोष्टी बखरीत येत नाहीत. पण ऊदाच्या बाजूने पाहिलं तर त्या सफरीत तोटा फक्त मालकांचा नव्हता.

दीड-पावणेदोन शतकं हा धंदा चालला. सुरुवातीला समुद्री ऊद दीड ते तीन लाख असावेत असा अंदाज आहे. १९११ मध्ये अमेरिका, रशिया, जपान आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांनी करार करून शिकार थांबवली, तेव्हा एक-दोन हजार उरले होते. कॅलिफोर्नियात तर तो संपलाच असं लोक मानून चालले होते. १९३८ मध्ये तिथल्या एका कड्याखाली पन्नासेक ऊद दिसले. त्यांचेच वंशज आज तिथे सुमारे तीन हजार आहेत.

ऊद गेल्यावर समुद्राचं काय झालं, हे कळायला मात्र १९७४ उजाडावं लागलं. जेम्स एस्टेस आणि जॉन पाल्मिसानो या दोन शास्त्रज्ञांनी अलास्काकडच्या बेटांची तुलना केली. काही बेटांभोवती ऊद होते, काहींभोवती नव्हते. जिथे ऊद होते तिथे समुद्राच्या तळापासून उंच वाढलेल्या शेवाळाची दाट जंगलं होती आणि त्या जंगलांच्या आश्रयाने मासे होते. जिथे ऊद नव्हते तिथे समुद्री साळूंनी सगळं शेवाळ खाऊन तळ उजाड केला होता. ऊद साळू खातो, म्हणून शेवाळ वाढतं. शेवाळ वाढतं, म्हणून मासा राहतो. एका धाग्यावर सगळं वस्त्र तोललेलं. वेंदिदादमधली कुरणं सुकण्याची गोष्ट मला इथे पुन्हा आठवते.

हे सगळं परदेशातलं आणि जुनं, असं म्हणून सुटका होत नाही. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला, ऊद त्याच्या छत्राखाली आला, तरी कातड्याची चोरटी वाट बंद झाली नाही. ऑक्टोबर २००३ मध्ये तिबेटमध्ये एकाच धाडीत वाघांची ३१ आणि बिबट्यांची ५८१ कातडी सापडली. बातमी वाघांची झाली. त्याच गाठोड्यांत ऊदांची ७७८ कातडी होती, ती कोणी मोजून लक्षात ठेवली नाहीत. तिबेटी पोशाखांच्या काठाला ही कातडी लावण्याची हौस वाढली होती. जानेवारी २००६ मध्ये आंध्र प्रदेशातल्या अमरावतीच्या कालचक्र सोहळ्यात दलाई लामांनी या हौसेबद्दल आपल्या लोकांना खडसावलं, आणि तिबेटमध्ये लोकांनी स्वतःचे किमती अंगरखे चौकात आणून जाळले. कायद्याला जे जमलं नव्हतं ते लाजेने केलं. त्यानंतर धोक्याने वेश बदलला. ऊदाची पिल्लं घरात पाळण्याची टूम काही देशांत निघाली. म्हणून २०१९ मध्ये जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत गुळगुळीत कातडीच्या आणि लहान नख्यांच्या, दोन्ही ऊदांच्या व्यापारावर जगभर बंदी आली.

चांगल्या गोष्टीही आहेत. कर्नाटकाने २०१५ मध्ये तुंगभद्रेचा ३४ किलोमीटरचा पट्टा खास ऊदांसाठी राखीव केला. गोव्यात चोडण बेटावर खाजणांच्या बांधांवर त्यांच्या वावराचा अभ्यास झाला. सिंगापूरने १९७७ पासून दहा वर्षं खपून आपली गटारासारखी झालेली नदी साफ केली. १९९८ मध्ये तिथे ऊद आपल्या पायांनी परत आले. आज ते गगनचुंबी इमारतींच्या सावलीत मासे खातात. पाणी निवळलं तर ऊद येतो, हे त्याचं साधं गणित.

आता माझा वाटा. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठी. घरची जाळी होती. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. त्या पावसाळ्यानंतर कांडाळी रोज फाटून येऊ लागली. अर्धे खाल्लेले बोय आणि काळुंदर जाळ्यात अडकलेले असत. काठावर बैठक बसली. सगळ्यांनी ऊदाचं नाव घेतलं. माझे मोठे चाचा तेवढे म्हणाले, "अरे, तो चोर नाय. तो आपला भाऊबंद. त्याचा पन हाच धंदा." लोक हसले. भाऊबंद म्हटला की वाटणीचं भांडण आलंच, असं कोणीतरी म्हणालं.

मला त्यांचं बीळ ठाऊक होतं. कुर्ल्या पकडायला जाताना खाजणाच्या बांधावर, मुळांच्या आड, मी ते पाहिलं होतं. बाहेर खवल्यांनी चमकणारी विष्ठा, घसरगुंडीसारखी झालेली चिखलाची वाट. मी ते दाखवलं. कोणी मला विचारलं नव्हतं. मोठ्यांच्या बैठकीत आपल्याला काहीतरी माहीत आहे, एवढाच तो आनंद होता. त्यांनी तोंडाला जाळं लावलं आणि पेंढ्याचा धूर केला. दोन ऊद मेले. कातडी कोणा फिरत्या व्यापाऱ्याने नेली. मला पाच रुपये मिळाले. चाचा त्या रात्री जेवले नाहीत, आणि मला रागावलेही नाहीत.

पुढे चार-पाच संध्याकाळी खाडीच्या पलीकडून शीळ येत राहिली. बारीक, लांबवर जाणारी. घरातला कोणीतरी शिल्लक होता आणि हाक मारत होता. मग ती थांबली. जाळी मात्र त्यानंतरही फाटत राहिली. मोठ्या कुर्ल्याही कांडाळी कातरतात, हे काठावरच्या प्रत्येकाला आधीपासून माहीत होतं. फक्त कुर्लीवर बैठक बसत नाही.

पंचेचाळीसएक वर्षं झाली. कविता लिहितो, पण यावर ओळ सुचली नाही, आणि सुचवावीशीही वाटली नाही. अलीकडे गावी गेलो होतो. आमच्या खाडीचं पाणी आता काळपट दिसतं. कांडाळी लावणारी दोन-तीनच घरं उरली आहेत. सकाळी भाच्याबरोबर खाजणाच्या बांधावरून चालताना तो एकदम थांबला आणि म्हणाला, "मामू, इथे बघा, मासळीचे खवले." ओल्या चिखलावर ताजी, चमकणारी विष्ठा होती. बाजूला पाच बोटांचा ठसा.

त्याने विचारलं, हे कोणाचं? जातकातल्या ऊदाने माशांबद्दल विचारलं होतं, तसंच. मी त्याला प्राण्याचं नाव सांगितलं. शीळ कशी असते तेही सांगितलं. बीळ कुठे असेल याचा अंदाज मला होता. तो मात्र मी कोणाला सांगितला नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)